डिपरला दिसत नाही म्हणून अप्परवर गाडी?



तुडतुडा, करपा आणि युरियाची मात्रा सोडून कृषी खात्यातला माणूस आज गाडीच्या हेडलाइटवर का लिहितो आहे, असा प्रश्न तुम्हाला पडेल. पडायलाच हवा. पण दिघोरीहून साकोलीकडे जा की लाखांदूरकडे, धान निघायला लागले की या रस्त्यांवर रात्रीची वर्दळ वाढते आणि ती बरीचशी आपल्या शेतीमुळेच असते. खरेदी केंद्रावर नंबर लवकर लागावा म्हणून ट्रॅक्टर पहाटेच निघतात. चुरणे आटोपून मजूर अंधारात घरी परततात. त्यातच दिवाळीनंतर मंडई आणि नाटकांचे दिवस. रात्रभर नाटक पाहून माणसे पहाटे गावाकडे निघतात, कुणी जीपमध्ये दाटीवाटीने, कुणी मोटारसायकलवर, कुणी सायकलवर. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना बांध्या, आणि गावाबाहेर पडले की दिवा म्हणून नाही.

माझीच गोष्ट सांगतो. माझ्याकडे एक जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली जीप आहे. तिचा डिपर इतका मंद की समोर फक्त बोनेटची सावली दिसावी. त्यामुळे मी गाडी कायम अप्परवर चालवायचो. समोरून कुणी आले तर क्षणभर डिपर द्यायचा आणि ते बाजूला येण्याआधीच परत अप्पर. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात एका संध्याकाळी समोरून सायकलवर एक म्हातारबा येत होते, मागे गवताचा भारा. मी अप्परवर. बघता बघता ते सायकलसकट रस्त्याखाली बांधीत उतरले. बांधी ओली होती म्हणून हाडे वाचली. मी धावत गेलो. ते उठले, धोतर झटकले आणि म्हणाले, "तुमच्या लाइटीनं मले काहीच दिसलं नाही जी." शिवी दिली असती तर बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी मी जे केले ते आपल्यापैकी बहुतेक जण करतात. दुकानात जाऊन मोठ्या वॅटचा बल्ब आणला. साधा बल्ब डिपरला ५५ आणि अप्परला ६० वॅटचा असतो, मी ९०/१०० चा बसवला. आठ दिवस बरे वाटले. मग होल्डर वितळला, स्विचमधून जळका वास येऊ लागला आणि एक लाइट गेलाच. तेव्हा एका जुन्या वायरिंगवाल्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने बल्बकडे पाहिलेही नाही. इंजिन सुरू ठेवले, डिपर लावला, मीटरची एक तार बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी बल्बच्या डिपरच्या पिनेवर टेकवली. दीड व्होल्टच्या वर वाटेतच गळत होते.

ही गोष्ट तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. इटियाडोहच्या कालव्याच्या टोकावर ज्याची बांधी आहे त्याला माहीत आहे की धरण भरलेले असले तरी पाणी आपल्यापर्यंत येईलच असे नाही. डीपीपासून लांब, बारीक तारेवर ज्याची मोटर आहे त्यालाही दाब कमी पडला की काय होते ते माहीत आहे. जुन्या गाडीत बॅटरीपासून निघालेला करंट आधी मेन स्विचमध्ये, मग डिपरच्या स्विचमध्ये, तिथून बारीक वायरीने बल्बपर्यंत आणि परत गंजलेल्या पत्र्यातून बॅटरीकडे असा फिरतो. दोन बल्ब मिळून नऊ अँपिअरच्या आसपास ओढतात. प्रत्येक सैल, काळ्या पडलेल्या जोडावर थोडा थोडा दाब पडतो. आणि बल्बचे गणित मोटरपेक्षाही वाईट आहे. दाब १० टक्के कमी झाला की उजेड १० नव्हे, सुमारे ३० टक्के घटतो. २० टक्के कमी झाला तर निम्माही उरत नाही. अशा ठिकाणी मोठा बल्ब लावणे म्हणजे टेलला पाणी पोचत नाही म्हणून तिथे मोठी मोटर बसवण्यासारखे आहे. जास्त करंट ओढला जातो, गळतीही वाढते, आणि स्विच जळतो तो वेगळाच.

मिस्त्रीने उपाय केला तो रिलेचा. रिले म्हणजे आपल्या मोटरच्या स्टार्टरचा धाकटा भाऊ. स्टार्टरचे बटण बोटाने दाबतो, पण मोटरचा सगळा करंट बटणातून जात नाही. आतला चुंबक खट्कन पट्टी ओढतो आणि मोठा करंट त्या पट्टीतून जातो. तसेच इथे. जुना स्विच फक्त रिलेला इशारा देतो, बल्बचा करंट बॅटरीपासून जाड वायरीने थेट येतो. डिपरला एक आणि अप्परला एक असे दोन रिले, अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज. फ्यूज विसरू नका, विसरू देऊ नका. फ्यूजशिवाय बॅटरीवरून थेट ओढलेली वायर कुठे घासली तर गाडी पेटते. अर्थची वायरही तितकीच जाड हवी, आणि ती जिथे बसते तिथला रंग व गंज खरवडून पत्रा चकाकता करून घ्यायचा. पुष्कळ वेळा नुसते अर्थ साफ केले तरी अर्धा आजार जातो, म्हणून आधी तेच करून पाहा. काम झाल्यावर पुन्हा मीटर लावा. अर्ध्या व्होल्टच्या आत गळती असेल तर ठीक. माझ्या जीपला साधाच ५५/६० चा बल्ब परत लावला आणि डिपरला रस्त्याची कडा दिसू लागली.

एक गोष्ट मात्र सांभाळा. हे सगळे जुन्या, साध्या वायरिंगच्या गाड्यांना. नव्या गाडीत लाइटसुद्धा कॉम्प्युटरमार्फत चालतो, तिथे वायर कापायला जाऊ नका, कंपनीच्या मेकॅनिककडेच न्या.

करंट नीट पोचूनही उजेड कमी असेल तर दिवा पाहा. काचेवर धूळ आणि तूस बसते, चुरण्याच्या दिवसांत तर रोज. ओल्या फडक्याने पुसायला अर्धा मिनिट लागतो. प्लॅस्टिकची काच पिवळी पडली असेल तर पॉलिश करून घेता येते. आतला चंदेरी रिफ्लेक्टर मात्र फडक्याने घासू नका, मुलामा निघून येतो. तो काळा पडला असेल तर दिवाच बदलावा लागतो. बल्ब बसवताना काचेला बोट लावू नका आणि त्याची रुंद पाकळी वरच्या खाचेत बसली का ते पाहा. उलटा किंवा तिरका बसलेला बल्ब उजेड झाडांवर टाकतो.

हल्ली पांढऱ्याशुभ्र एलईडी बल्बचे वेड आहे. जुन्या दिव्याचा रिफ्लेक्टर तारेच्या बल्बसाठी घडवलेला असतो, तार नेमकी कुठे आहे ते धरून. एलईडीचा ठिपका त्याच जागी नसला की उजेड सगळीकडे फुटतो. गाडी चालवणाऱ्याला जवळचा रस्ता पांढरा दिसतो म्हणून तो खूश, आणि समोरचा आंधळा.

डिपर म्हणजे कमी उजेड नव्हे. डिपर म्हणजे खाली ठेवलेला उजेड. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०६ हेच सांगतो: ८ मीटरवर उभ्या असलेल्या, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाचे डोळे दिपता कामा नयेत. ताशी ४० च्या वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. डोळे दिपलेल्या माणसाला पुन्हा दिसायला काही सेकंद लागतात, वय झालेल्याला जास्तच. तेवढ्या वेळात समोरचा मोटारसायकलवाला किती रस्ता न पाहता कापतो, ते तुम्हीच मोजा. आणि ताशी ६० ला गाडी थांबायला कोरड्या रस्त्यावरही ४० मीटर लागतात. तुमचा डिपर २५ मीटरच दाखवत असेल तर बिनदिव्याची बैलगाडी दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

ट्रॅक्टरवाल्यांना दोन शब्द वेगळे सांगायचे आहेत. नांगरणीसाठी मागच्या मडगार्डवर जो पांढरा लाइट असतो तो रस्त्यावर आल्यावर बंद करा. मागून येणाऱ्याला वाटते समोरून गाडी येते आहे, आणि तो बाजू देण्याच्या नादात ट्रॉलीत घुसतो. मागे लाल दिवा हवा. तो नाहीच तर निदान ट्रॉलीला रेडियमची पट्टी हवी, मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी. पट्टीवर चिखल आणि तणस असेल तर ती असून नसल्यासारखी.

सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायत अधिकारी (आपण त्यांना अजून ग्रामसेवकच म्हणतो) यांच्याकडे एक मागणे आहे. धान निघण्याआधी एका संध्याकाळी गावातल्या जीप आणि ट्रॅक्टर शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या भिंतीसमोर उभे करा. जागा सपाट हवी. गाडीपासून भिंत १० मीटर, म्हणजे सुमारे ३३ फूट. हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीची खडूची रेघ ओढा. डिपर लावल्यावर उजेडाची वरची कड या रेघेच्या सुमारे १० सेंटिमीटर, म्हणजे चार इंच खाली पडायला हवी. बऱ्याच दिव्यांत डाव्या बाजूला ती थोडी वर चढते. तो दोष नाही, डावीकडची कडा दिसावी म्हणूनच ती तशी असते. मागे माल किंवा माणसे बसवून पुन्हा पाहा, कारण जीपचे नाक उचलले की सगळा उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. कमी-जास्त असेल तर दिव्याच्या मागे किंवा कडेला स्क्रू असतात, ते फिरवून बसवता येते. पैसे लागत नाहीत.

भिंत शाळेची असेल तर जाताना रेघ पुसून जा. आमच्या वेळी गुरुजींनी दोनदा निरोप धाडला होता.