परिस्थितीचे वकीलपत्र

मनुष्य आपल्या मूल्यांप्रमाणे निर्णय घेतो ही समजूत भाबडी असून, वस्तुतः निर्णय परिस्थिती घेते आणि मूल्ये हे त्या निर्णयावर मागाहून उठवलेले शिक्कामोर्तब होय, असे एका विद्वान गृहस्थांनी अलीकडे मोठ्या दिमाखाने प्रतिपादन केले आहे. जन्म, जात, पोट आणि पगार या चार बाबी दप्तरी दाखल झाल्या, की कोणता माणूस पुढे काय करील हे पंचांगातल्या ग्रहणाइतक्या निश्चितपणे वर्तवता येते, असा त्यांचा दावा. दाखल्यासाठी त्यांनी चेन्नईपासून चाळीसएक किलोमीटरवरचे श्रीपेरुंबुदूर निवडले. तेथील खेड्यांतली मुले भातशेती सोडून मोटारींच्या कारखान्यांत शिरली ती पगारासाठी. आणि २०१४ साली नोकियाचा कारखाना बंद पडला तेव्हा बहुतेकांनी स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सह्या केल्या, त्यांत स्वेच्छा औषधालाही नव्हती. एवढे सांगून, याच गावचे आचार्यदेखील या नियमातून सुटत नाहीत, असा एका ओळीचा शेरा मारून ते मोकळे झाले.

कामगारांपुरते त्यांचे म्हणणे आम्ही विनातक्रार मान्य करतो. ज्याच्यापुढे एकच कागद ठेवला होता त्याच्या सहीला निवड म्हणणे ही क्रूर थट्टा आहे. परंतु ज्याला मुभाच नव्हती त्याच्यावरून, ज्याला मुभा होती त्याच्याविषयी सिद्धांत काढणे हा तर्कशास्त्राचा कोणता प्रकार, याचा खुलासा त्यांनी केलेला नाही. मेंदूतल्या रसायनांचा उल्लेख त्यांनी जाता जाता केला आहे. आम्हीही तो जाता जाताच सोडतो. आमची खरी हरकत आचार्यांवरच्या त्या एका ओळीला आहे.

वर्तमानपत्रांच्या वाचकाला श्रीपेरुंबुदूर आठवते ते २१ मे १९९१ च्या, राजीव गांधींच्या हत्येच्या भीषण रात्रीमुळे. वैष्णवाला मात्र ते आदिकेशव पेरुमाळाच्या मंदिरामुळे आणि परंपरेने १०१७ साली तेथे जन्मलेल्या रामानुजांमुळे. विशिष्टाद्वैताचा हा महान आचार्य, ‘श्रीभाष्या’चा कर्ता, संन्यास घेण्यापूर्वी कांचीत गृहस्थाश्रम चालवीत होता. कांचीच्या वरदराजाला पंखा ढाळण्याची सेवा करणारा कांचीपूर्ण हा ब्राह्मणेतर भक्त. त्याला गुरू मानावे, घरी जेवू घालावे आणि त्याच्या पानावरचे उच्छिष्ट प्रसाद म्हणून आपण सेवन करावे, ही तरुण रामानुजांची मनीषा. आमंत्रण गेले. रामानुज त्याला आणायला एका वाटेने गेले आणि तो दुसऱ्या वाटेने येऊन, देवाच्या सेवेची वेळ झाली म्हणून लगबगीने जेवून परतला. गृहिणी तंजम्मा हिने पान काठीने दूर सारले, उरलेले अन्न देऊन टाकले, जागा सारवली, स्नान केले आणि पतीसाठी नवा स्वयंपाक चढवला. रामानुज घरी येतात तो ज्या प्रसादासाठी सारा खटाटोप केला त्याचा मागमूसही नाही.

आता परिस्थितीच्या वकिलांनी क्षणभर या स्वयंपाकघरात उभे राहावे. घर एक, चूल एक, जात एक, आर्थिक स्थिती एक, अतिथीही एकच. आणि एकाच पानाकडे पाहून पतीला जेथे प्रसाद दिसतो तेथे पत्नीला विटाळ दिसतो. परिस्थितीच निर्णय घेत असती तर दोघांनी एकच निर्णय घ्यायला हवा होता. पुरुष आणि स्त्री यांची परिस्थिती भिन्न, असे ते म्हणतील, मान्य. मग त्याच कांचीतल्या, त्याच वर्णाच्या, त्याच शास्त्रांचे अध्ययन केलेल्या इतर शेकडो पुरुषांनी कांचीपूर्णाला जेवायला का बोलावले नाही? यावर कदाचित असे उत्तर येईल की, रामानुजांची परिस्थिती सूक्ष्म अर्थाने निराळी होती, त्यांच्या मनाची घडण निराळी होती, त्यांना पूज्य वाटणाऱ्या गोष्टी निराळ्या होत्या. वा! ज्या वस्तूला आपण इतका वेळ मूल्य म्हणत होतो, तिलाच परिस्थितीच्या खात्यावर जमा करून घेतल्यावर दावा जिंकण्यात कसली मर्दुमकी?

येथे चरित्रकारांशीही आमचा थोडा तंटा आहे. तंजम्मेला त्यांनी सरसकट कजाग ठरवून टाकले आहे. आमच्या मते तिनेही त्या दिवशी मूल्याप्रमाणेच वर्तन केले. शुचिता हे तिला माहेरी मिळालेले आणि सासरी सांभाळलेले धन होते, आणि ते राखताना पतीचा रोष पत्करावा लागेल याचीही तिने पर्वा केली नाही. चुकीचे मूल्यही मूल्यच असते आणि तेही माणसाकडून तितक्याच सक्तीने वसुली करते. पुढे रामानुजांचे गुरू महापूर्ण यांच्या पत्नीशी विहिरीवर घागरीतल्या थेंबांवरून तिचा कलह झाला, ते दांपत्य न सांगता निघून गेले, आणि रामानुजांनी संन्यासाचा निश्चय केला. तिला माहेरी धाडताना त्यांनी सासऱ्यांच्या नावाचे बनावट पत्र रचले, असेही परंपराच सांगते. हा प्रसंग आमच्या गृहस्थांच्या नजरेतून कसा निसटला याचे आम्हांला नवल वाटते, कारण त्यांच्या पक्षाला त्याहून बळकट साक्षीदार मिळाला नसता. आम्ही होऊन तो पुढे करतो, आणि एवढेच विचारतो की, ज्याच्या मनात सत्याला काही किंमतच नाही त्याला पत्नीला घालवण्यासाठी पत्राचा आडपडदा तरी कशाला लागतो?

या साऱ्या पुढच्या पिढ्यांनी रचलेल्या कथा, अशी हरकत येणारच. असोत. परंतु शिष्यपरंपरेने आपल्या आचार्याची कोणती गोष्ट जपली हे पाहा: तिरुक्कोष्टियूरला अठरा खेपा घातल्यावर गुरूंनी मोठ्या मिनतवारीने रहस्यमंत्र दिला, तो कोणाला सांगितल्यास नरक मिळेल असे बजावले, आणि शिष्याने तो मंदिराच्या उंचीवरून जमलेल्या लोकांना ऐकवला, एकट्याने नरकात जाऊन बाकीचे तरत असतील तर सौदा कबूल, असा त्याचा जबाब. गुरुभक्ती हाच ज्या संप्रदायाचा प्राण, त्याने गुरूची आज्ञा मोडल्याची कथा शतकानुशतके मिरवावी, यात त्याचा कोणता स्वार्थ साधला, हे आम्हांला अद्याप उमगलेले नाही.

हा वाद आमच्याकडे नवा नाही. आधी राजकीय की आधी सामाजिक सुधारणा, या गेल्या शतकाच्या आधीच्या शतकातल्या भांडणातही परिस्थितीचे हेच वकील हजर होते, आणि आजही कोणी त्या भांडणाचा उलगडा जातीवरून किंवा पगारपत्रकावरून करू लागला की आम्हांला हसू येते. एकाच महाविद्यालयात शिकलेले, एकाच शाळेत अल्प वेतनावर राबलेले, एकाच खटल्यात डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढलेले टिळक आणि आगरकर हे दोन मित्र तेथून बाहेर पडून काही वर्षांत दोन दिशांना तोंडे करून उभे राहिले. परिस्थितीने तर त्यांना एका कोठडीत कोंडले होते.

आमचे मंडन थोडक्यात आटोपते. परिस्थिती प्रश्न घालते, पर्यायांची संख्या ठरवते, पुष्कळदा ती एकवरही आणते. परंतु पर्याय दोन उरले, की कोणते नुकसान सोसवेल आणि कोणते नाही हे ज्याचे त्याला ठरवावे लागते, आणि या ठरवण्यालाच आम्ही मूल्य म्हणतो. ते नेहमी जिंकते असे आम्ही म्हणत नाही. रामानुजांच्या प्रभावामुळे मेलकोटेच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळाला असे अभिमानाने सांगतात, पण तो वर्षातल्या मोजक्या दिवसांपुरता. म्हणजे तेथे मूल्याने परिस्थितीशी तडजोड केली. ती तडजोड होती हे ओळखायलाही मूल्य अगोदर मानावे लागते.

आणि पंढरपूरचे काय? १ मे १९४७ रोजी साने गुरुजी अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी उपोषणाला बसले. ज्यांना ते गुरुस्थानी मानीत त्या गांधीजींनी उपोषण सोडावे असे कळवले, तरी त्यांनी ते सोडले नाही. दहा दिवसांनी निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्याच वेळी काही सनातनी मंडळींनी, आता मूर्ती बाटणार म्हणून विठ्ठलाचे तेज मंत्रांनी घागरीत काढून ठेवले, असे सांगतात. साल तेच, गाव तेच, देव तोच, आणि दार उघडणार हे दोन्ही पक्षांना सारखेच ठाऊक. त्या घागरीत ना कोणाचा पगार होता ना कोणाचे पोट. ती कोणत्या परिस्थितीने भरली, हे आमच्या विद्वान गृहस्थांनी सवडीने कळवावे. उत्तरासाठी आमचा तगादा नाही.