संधिसाधू कोण?

वैद्यकशास्त्रात काही बुरशींना ‘संधिसाधू’ म्हणतात. धडधाकट माणसाला त्या सहसा काही करत नाहीत. प्रतिकारशक्ती खचली किंवा शरीरात थेट वाट मिळाली, की मग डाव साधतात. एक्सोफियाला नावाचं काळं यीस्ट त्यातलंच. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १८ देशांतल्या १८९ डिशवॉशरची रबरं तपासली होती. गरम पाणी आणि साबण सोसून त्यातल्या अनेकांमध्ये हे यीस्ट मजेत जगत होतं. तरीही धडधाकट माणसाला अशा बुरशीमुळे सहसा काही होत नाही. म्हणजे नुसती बुरशी असून भागत नाही, तिला संधी लागते. आणि ती संधी कोणीतरी देतं.

मे २०२१ आठवा. कांद्यावरचा काळा थर आणि फ्रिजच्या रबरावरची काळी बुरशी म्हणजेच ‘ब्लॅक फंगस’, असे मेसेज आपल्या प्रत्येक ग्रुपवर फिरले. खरं तर म्युकरमायकोसिसची बुरशी काळी नसतेच. रक्तपुरवठा तुटून मेलेला शरीराचा भाग काळा पडतो. त्या आजाराला रान मोकळं मिळालं ते मुख्यतः आटोक्याबाहेर गेलेल्या शुगरमुळे आणि स्टेरॉइडच्या बेसुमार वापरामुळे. दोष मात्र आला कांद्यावर. कांद्याला जाब विचारणं सोपं असतं.

आता खऱ्या काळ्या यीस्टची गोष्ट. २००२ साली अमेरिकेत पाठदुखीसारख्या त्रासासाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलेल्या पाच जणांना एक्सोफियालाचा संसर्ग झाला. चौघांना मेंदूज्वर झाला, एकाचा मृत्यू झाला. ते औषध साउथ कॅरोलिनातल्या एका फार्मसीत तयार झालं होतं. तपासात काय सापडलं? निर्जंतुकीकरणाचा ऑटोक्लेव्ह नीट चालवला जात नव्हता, तो कसा चालवायचा याची लेखी पद्धत नव्हती, आणि तयार औषध निर्जंतुक आहे की नाही याची चाचणीच होत नव्हती. हा अहवाल त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सरकारी साप्ताहिकात छापून आला.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे सिस्टिम कोसळली की ‘हॅकर फार वाईट होता’ असं लिहून फाइल बंद करता येत नाही. दार कोणी उघडं ठेवलं, इशारा कोणाकडे गेला आणि पुढे काय झालं, हे लिहावं लागतं. अमेरिकेत इशारा लिहिला गेला, दार मात्र उघडंच राहिलं. अशा फार्मसींवर देखरेख राज्यांनी करायची की केंद्रीय एफडीएने, हा घोळ दहा वर्षं चालला. २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटरमधून तेच स्टेरॉइड बुरशीसकट बाहेर पडलं. या वेळी एक्सेरोहायलम ही दुसरी काळी बुरशी होती. सीडीसीच्या मोजणीत ७५३ रुग्ण आणि ६४ मृत्यू. या कंपनीला एफडीएने २००६ मध्येच इशारापत्र दिलं होतं. नवा कायदा आला नोव्हेंबर २०१३ मध्ये, इतकी माणसं गेल्यावर.

मग संधिसाधू कोण? यीस्टला ना नफा कळतो, ना नियम. पैसा आणि वेळ वाचवायला चाचणी टाळणारा माणूस मात्र संधी ओळखून असतो. कागदावर इशारा देऊन हात झटकणारं खातं त्याला ती मिळवून देतं.

‘तिकडची गोष्ट आहे’ म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडेही औषध बनवण्याचे बहुतेक परवाने राज्यं देतात आणि वर केंद्राचं वेगळं खातं आहे. जबाबदारी इकडून तिकडे ढकलायला इथेही भरपूर जागा आहे.

म्हणून दोस्तांनो, पुढचा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी एवढं करा. घरात कोणाला इंजेक्शन दिलं तर औषधाचं नाव आणि बॅच नंबर विचारा, लिहून ठेवा. विचारताना लाजू नका, तो तुमचा हक्क आहे. स्टेरॉइड मनाने घेऊ नका, कोणाला सुचवू नका. औषधाने त्रास झाला तर सरकारच्या १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री नंबरवर रुग्ण किंवा नातेवाईक स्वतः कळवू शकतात. तक्रारीची नोंदच नसेल तर ‘आमच्यापर्यंत काही आलंच नाही’ हे उत्तर तयार असतं. ते उत्तर त्यांना देता येणार नाही, अशी व्यवस्था आपण करायची आहे.