हॅलोविनच्या निमित्ताने: भयकथेचे वाचन



ऑक्टोबर महिना सरत आला, की इंग्रजी नियतकालिकांत आणि पुस्तकांच्या दुकानांत हॅलोविनसाठी वाचावयाच्या भयावह पुस्तकांच्या याद्या झळकू लागतात. प्रौढांसाठी एक यादी असते, किशोरवयीनांसाठी दुसरी. ३१ ऑक्टोबरची ही रात्र आपल्या पंचांगातील नव्हे. ख्रिस्ती परंपरेत १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस आहे आणि ही त्याची पूर्वसंध्या. एकोणिसाव्या शतकात आयरिश आणि स्कॉटिश स्थलांतरितांबरोबर हा सण अमेरिकेत रुजला, सलगमाऐवजी भोपळे कोरले जाऊ लागले आणि आज आपण पाहतो ते त्याचे रूप घडले. भुताच्या गोष्टींचे इंग्लंडमधील जुने नाते मात्र हॅलोविनशी नसून नाताळाशी आहे. डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरल'मधील (१८४३) भुते नाताळातच येतात आणि हेन्री जेम्सच्या 'द टर्न ऑफ द स्क्रू'ची (१८९८) सुरुवातही नाताळच्या आदल्या रात्री शेकोटीभोवती होते. तेव्हा सणाचा प्रश्न बाजूला ठेवू. त्या याद्यांतील पुस्तकांकडे मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाने कसे पाहावे, हा आपला विषय आहे.

पदवीच्या अभ्यासक्रमात भयकथा सहसा भेटत नाही. भेटलीच तर 'रंजनपर वाङ्मय' या शीर्षकाखाली, दोन ओळींत. नारायण धारप (१९२५–२००८) यांची पुस्तके ग्रंथालयात हाताळून हाताळून खिळखिळी झालेली असतात. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत मात्र त्यांचे नाव दिसत नाही. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) अभ्यासले जातात ते प्रामुख्याने नाटककार म्हणून; 'खेकडा'सारख्या संग्रहातील त्यांच्या गूढकथांना त्या मानाने फारच थोडी जागा मिळते. ही विभागणी मला मान्य नाही. भयकथा हा दुय्यम प्रकार आहे, हे गृहीत आपण तपासून न पाहता स्वीकारले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याच काव्यशास्त्राची साक्ष काढू. भरताने नाट्यशास्त्रात सांगितलेल्या आठ रसांमध्ये भयानक हा रस आहे आणि भय हा त्याचा स्थायी भाव आहे. अभिनवगुप्ताने रसप्रक्रिया समजावून देताना जे उदाहरण घेतले ते शृंगाराचे नाही. 'शाकुंतला'च्या पहिल्या अंकात दुष्यंताच्या रथापुढे पळणारे, मान वळवून मागे पाहणारे ते भेदरलेले हरिण त्याने निवडले. ते भय त्या हरिणाचे उरत नाही, आपले व्यक्तिगतही होत नाही. स्थळकाळाच्या बंधनातून सुटलेले असे केवळ भय प्रेक्षकाच्या प्रत्ययास येते. साधारणीकरणाचा विचार तुम्ही काव्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात वाचला असेल. तो ज्या भावाच्या आधारे मांडला गेला, त्याच भावावर उभ्या राहिलेल्या कथांना आपण वाङ्मयाच्या अंगणातच उभे करून ठेवावे, हे चमत्कारिक आहे.

आता पुस्तकांकडे वळू. मेरी शेली हिची 'फ्रँकेन्स्टाइन' (१८१८) ही कादंबरी बहुतेकांना चित्रपटांमुळे ठाऊक असते आणि तेथेच घोटाळा होतो. १९३१च्या प्रसिद्ध चित्रपटातील बोरिस कार्लॉफचा राक्षस मुका आहे. कादंबरीतील प्राणी बोलतो. इतकेच नव्हे, उत्तम बोलतो. एका झोपडीला लागून असलेल्या पडवीत लपून, फटीतून आतील माणसांचे बोलणे ऐकत तो भाषा शिकतो. मिल्टनचे 'पॅरडाइज लॉस्ट' वाचतो. आपल्याला घडवणाऱ्याने आपल्याला टाकून का दिले, हा प्रश्न त्याला पडतो. त्याला नाव नाही. 'फ्रँकेन्स्टाइन' हे त्याच्या निर्मात्याचे आडनाव आहे. कादंबरीची रचनाही अभ्यासण्याजोगी आहे. उत्तर ध्रुवाकडे निघालेला वॉल्टन आपल्या बहिणीला पत्रे लिहितो, त्या पत्रांत व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन आपली कहाणी सांगतो आणि त्या कहाणीच्या गाभ्यात तो प्राणी स्वतः बोलू लागतो. एका डबीत दुसरी, दुसरीत तिसरी. सर्वांत आतली डबी उघडेपर्यंत आपण व्हिक्टरच्या बाजूचे असतो. नंतर तितक्या खात्रीने राहता येत नाही. जिनिव्हा सरोवराकाठी १८१६च्या पावसाळी उन्हाळ्यात, प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहावी अशी सूचना बायरनने केली, त्यातून ही कादंबरी जन्मली. आदल्या वर्षी आजच्या इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला होता आणि त्याच्या धुराळ्याने युरोपातले ऋतूच बिघडले होते. मेरी त्या वेळी अठरा वर्षांची होती. किशोरवयीनांना 'झेपेल असे' वाचायला द्यावे म्हणणाऱ्यांनी हे वय ध्यानात ठेवावे.

ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'मध्ये (१८९७) रोजनिशा, पत्रे, तारा, वर्तमानपत्रांतील कात्रणे आणि फोनोग्राफवरील नोंदी आहेत. सारी पात्रे लिहितात. काउंट ड्रॅक्युला मात्र स्वतः एक ओळही सांगत नाही. मोठ्या भागात तो दिसतही नाही. निवेदन कोणाला दिले आहे यापेक्षा ते कोणाला नाकारले आहे हे पाहावे, याचा इतका स्वच्छ पाठ दुसरीकडे मिळणे कठीण. उत्तरार्धातील पाठलाग लांबला आहे आणि व्हॅन हेल्सिंगची प्रवचने कंटाळवाणी आहेत, हेही सांगून टाकतो.

भयकथेवरील सर्वांत गंभीर आक्षेप आपल्या महाराष्ट्रातच उभा राहतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. भुताखेतांच्या गोष्टी अंधश्रद्धेला खतपाणी घालतात, असा तो आक्षेप. करणी, भानामती, चेटूक यांच्या संशयावरून आपल्याकडे माणसांचे, विशेषतः एकट्या स्त्रियांचे, छळ झाले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ साली जादूटोणा प्रतिबंधक कायदा झाला, तो काही काल्पनिक भयापोटी नव्हे. करणी करणारी म्हातारी ही व्यक्तिरेखा कसलाही विचार न करता वापरणाऱ्या कथा मराठीत आहेत. त्या मला वाङ्मयीन दृष्ट्याही कच्च्या वाटतात, कारण तिथे भय लेखकाने निर्माण केलेले नसते, समाजातून उसने आणलेले असते. म्हणून सगळीच भयकथा त्याज्य ठरते काय?

'द टर्न ऑफ द स्क्रू' वाचा आणि मग ठरवा. ब्लाय नावाच्या एकाकी वाड्यात माइल्स आणि फ्लोरा या दोन मुलांना सांभाळायला एक तरुण शिक्षिका येते. पूर्वीचा नोकर आणि पूर्वीची शिक्षिका, दोघेही मृत, तिला दिसू लागतात. मुलांनाही ती दिसतात आणि मुले ते लपवतात, अशी तिची खात्री होते. घरातील कारभारीण मिसेस ग्रोस तिच्यावर विश्वास ठेवू पाहते. पण तिला स्वतःला काही दिसत नाही. शेवटी मुलांना वाचवण्याच्या या धडपडीत माइल्स तिच्याच मिठीत प्राण सोडतो. ही भुते खरी की त्या शिक्षिकेच्या मनाची? एडमंड विल्सन या समीक्षकाने १९३४ साली दुसऱ्या पर्यायाची बाजू जोरकसपणे मांडली. वाद अजून मिटलेला नाही. मला येथे महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. ही कथा वाचताना प्रत्येक पानावर विचारावे लागते: हे कोण सांगते आहे? तिने काय पाहिले आणि काय ताडले? दुसऱ्या कोणी ते पाहिले काय? भानामतीची वार्ता गावात पसरते तेव्हा हेच प्रश्न विचारायचे असतात आणि नेमके तेच विचारले जात नाहीत. निवेदकाच्या विश्वासार्हतेचा मुद्दा आपण कथनमीमांसेत परीक्षेपुरता शिकतो. या कथेत त्या मुद्द्याची किंमत एका मुलाच्या जिवाने मोजली जाते.

प्रौढांसाठी एकच पुस्तक सुचवा असे कोणी म्हटले, तर मी शर्ली जॅक्सनची 'द हाँटिंग ऑफ हिल हाउस' (१९५९) ही कादंबरी सुचवीन. एलेनॉर ही बत्तीस वर्षांची स्त्री. त्यांतील अकरा वर्षे आजारी आईच्या सेवेत गेलेली. आई वारल्यावर बहिणीच्या घरी ती आश्रितासारखी राहते. एका झपाटलेल्या घराच्या अभ्यासासाठी तिला निमंत्रण येते आणि आयुष्यात प्रथमच कोणीतरी आपल्याला बोलावले, या आनंदात ती निघते. एका रात्री अंधारात, शेजारच्या पलंगावरील मैत्रिणीचा हात तिने घट्ट धरलेला असतो. दिवा लागतो, तेव्हा मैत्रीण खोलीच्या पलीकडच्या बाजूला असते. जॅक्सन यापुढे काही दाखवीत नाही. पण खरे भय या प्रसंगातही नाही. ज्या स्त्रीला जगात कोठेही जागा नाही तिला ते घर आपले वाटू लागते, ते घरही तिला बोलावते आणि ती जायला तयार होते, यात ते आहे. ज्यांनी घरातील आजारपण वर्षानुवर्षे उचलले आहे त्यांना, आणि मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांत अशा भगिनी थोड्या नसतात, ही कादंबरी इतरांपेक्षा अधिक कळेल.

किशोरांचे काय? तुमच्यापैकी अनेकांच्या घरी आठवी-नववीतले मूल असेल आणि तुमचे पाठ्यपुस्तक व त्याचे गोष्टीचे पुस्तक एकाच टेबलावर पडलेले असेल. रे ब्रॅडबरीची 'समथिंग विकेड धिस वे कम्स' (१९६२) ही कादंबरी दोघांनी मिळून वाचावी. ऑक्टोबरच्या अखेरीस एका लहान अमेरिकन गावात जत्रेचा तंबू येतो. त्यात एक फिरता पाळणा आहे, लाकडी घोड्यांचा. तो पुढे फिरला की बसणाऱ्याचे वय वाढते, उलटा फिरला की घटते. चौदाव्या वर्षाच्या उंबरठ्यावरील जिमला लवकर मोठे व्हायचे आहे. त्याचा मित्र विल याचे वडील चोपन्न वर्षांचे आहेत. ग्रंथालयात झाडलोट करतात, रात्री तिथेच वाचत बसतात आणि आपण या मुलासाठी फार म्हातारे झालो, या विचाराने झुरतात. तोच पाळणा मुलाला एका दिशेने मोह घालतो आणि बापाला दुसऱ्या. पुस्तक एकच, पण चौदा वर्षांच्या वाचकाला त्यात जे भय सापडते ते पन्नाशीच्या वाचकाचे नसते. म्हणूनच प्रौढांची आणि किशोरांची यादी वेगळी करण्याची ही पद्धत मला फारशी पटत नाही. ब्रॅडबरीची भाषा मात्र कधीकधी अतिशय सजते. मुलाने तिथे पाने उलटली तर उलटू द्यावीत.

अकरा-बारा वर्षांच्या मुलांना नील गेमनची 'कोरलाइन' (२००२) द्यावी. त्यातली 'दुसरी आई' छान स्वयंपाक करते, मुलीचे सगळे ऐकते; फक्त तिच्या डोळ्यांच्या जागी बटणे असतात आणि तिला मुलीच्याही डोळ्यांच्या जागी बटणे शिवायची असतात. मुले हे पुस्तक आनंदाने वाचतात, पालक दचकतात. मुलांना भयापासून संपूर्ण दूर ठेवणे आपल्या परंपरेलाही कधी मानवले नाही. मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तील चिंची चेटकिणीला पाहून मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या एकाच वेळी घाबरल्या आणि हसल्या आहेत.

मराठीपुरते एवढेच नोंदवतो, की धारपांनी पाश्चात्त्य भयकथेतून बरेच घेतले, पण 'समर्थ' ही व्यक्तिरेखा उभी करताना तिला इथल्या साधनामार्गाची बैठक दिली. २०१८च्या 'तुंबाड' या हिंदी चित्रपटाचे बीज धारपांच्या कथेत आहे, तर नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत'वरून घेतलेले आहे. एक लेखक अभ्यासक्रमातला, एक बाहेरचा. चित्रपटकर्त्याने दोघांना शेजारी बसवले.

सुरुवात करायची असेल तर कादंबरीने करू नका. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सची 'द मंकीज पॉ' (१९०२) ही कथा एका बैठकीत वाचून होते. माकडाचा वाळलेला पंजा, तीन इच्छा. तो पंजा एका फकिराने मंतरलेला आहे आणि एक सार्जंट-मेजर तो हिंदुस्थानातून घेऊन आला आहे. साम्राज्याच्या काळातील इंग्रज वाचकाचे भय कोणत्या दिशेकडून येत होते, हे त्या एका तपशिलावरून कळते. वडील दोनशे पौंड मागतात. दुसऱ्या दिवशी मुलगा कारखान्यात यंत्रात सापडून मरतो आणि भरपाई म्हणून दोनशे पौंड येतात. काही दिवसांनी आई त्याला परत मागते. रात्री दार वाजू लागते. आई कडी काढायला धावते, वडील अंधारात चाचपडत पंजा शोधतात आणि तिसरी इच्छा मागतात. ती काय होती हे जेकब्स सांगत नाही. दार उघडते तेव्हा बाहेर रस्ता रिकामा असतो. कथा वाचून झाल्यावर वहीत एवढेच लिहा: दाराबाहेर कोण उभे होते, आणि हे तुम्हाला कथेतील कोणत्या वाक्यावरून कळले.