परदेशीं निघालेल्या मुलांचें इंग्रजी

भाद्रपद उजाडला कीं आमच्या परिचयाच्या चार-दोन घरांतून तरी एखादें मूल पदवीच्या अभ्यासासाठीं विलायतेस अथवा अमेरिकेस निघतें. त्या घरीं महिनाभर आधीं जी धांदल उडते ती आमच्या वाचकभगिनींना सांगावयास नको. मेतकूट, भाजणी, लिंबाचें लोणचें, लहानसा कुकर, लोकरीचे कपडे, बँकेचें कर्ज, व्हिसाचे कागद. प्रत्येक गोष्टीस घरांतील कोणी ना कोणी वाहून घेतलेलें असतें. इंग्रजीची तयारी मात्र दोन महिन्यांच्या एखाद्या क्लासवर सोंपविलेली असते, आणि परीक्षेचा आंकडा चांगला आला कीं तें प्रकरण मिटलें असें सर्वजण समजतात. तें तेवढ्यानें मिटत नाहीं हें आम्हांस गेल्या वर्षीं एका स्नेह्यांच्या घरीं दिसून आलें, म्हणून या महिन्यांत हा विषय घेतला आहे.

हे स्नेही निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचा नातू इंग्लंडांतील एका विद्यापीठांत अर्थशास्त्राच्या पदवीसाठीं गेला. बारावीस उत्तम गुण, आयेल्ट्स परीक्षेंत नवांपैकीं साडेसात. नोव्हेंबरांत एके रात्रीं त्याचा फोन आला. पहिलाच निबंध गुणांवांचून परत आला होता, आणि दुसऱ्याचें लेखन आपलें म्हणून दिल्याच्या संशयावरून त्यास चौकशी समितीपुढें बोलाविलें होतें. फोन सर्वांना ऐकूं येईल असा ठेवलेला, त्यामुळें साऱ्या घरानें हें एकदम ऐकलें. आजी उठून देवापुढें जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशीं स्नेही आमच्याकडे येऊन म्हणाले, "अहो, जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्या, आणि आमच्याच घरांतल्या पोरावर चोरीचा आळ यावा!"

तो निबंध आम्हीं वाचला. त्यांतील तीन परिच्छेद एका पाठ्यपुस्तकांतून जवळजवळ जसेच्या तसे उतरलेले होते. मधून मधून एखादा शब्द बदललेला. पुस्तकाचें नांव शेवटच्या यादींत प्रामाणिकपणें दिलेलें होतें. मजकुरांत मात्र कोठेंही, हें म्हणणें अमक्याचें, असा निर्देश नव्हता. मुलाला विचारलें तेव्हां तो म्हणाला, "पुस्तकांत इतकें नेमकें लिहिलेलें असतां मीं त्याहून वाईट कशाला लिहूं?" या उत्तरांत लबाडी नाहीं. बारा वर्षें आम्हीं त्यास हेंच शिकविलें. अपेक्षित प्रश्नसंचांतील उत्तर जितकें हुबेहूब, तितके गुण अधिक. जी गोष्ट येथें हुशारी ठरली तीच तेथें अपराध ठरली, आणि मधल्या समुद्रावर ही सूचना देणारा त्यास कोणी भेटला नाहीं.

क्लासनें त्यास फसविलें असेंही नव्हे. १९८९ पासून चालूं असलेली ही परीक्षा काय मापते तें पाहावें. श्रवण सुमारें अर्धा तास. ध्वनिफीत एकदांच ऐकवितात. वाचन एक तास, प्रश्न चाळीस. लेखन एक तास, त्यांत एक सुमारें दीडशें शब्दांचें वर्णन व एक अडीचशें शब्दांचा निबंध. संभाषण ११ ते १४ मिनिटें. बहुतेक विद्यापीठें पदवीच्या प्रवेशास सहा ते सात गुण मागतात, आणि हा निकाल दोन वर्षें ग्राह्य धरतात. परीक्षा चांगलीच आहे. परंतु तो अडीचशें शब्दांचा निबंध चाळीसेक मिनिटांत, कोणतेंही पुस्तक न उघडतां, स्वतःच्या डोक्यांतून काढावयाचा असतो. विद्यापीठांतला निबंध दोन हजार शब्दांचा. तो दहा ठिकाणचें वाचून, त्यांतील मतभेद ओळखून, कोणाचें काय तें सांगून, मग आपला पक्ष मांडून लिहावयाचा असतो. पहिल्याच्या सरावानें दुसरा येत नाहीं. उंबरठ्यावर उभें राहण्याची ती परवानगी आहे, घरांत कसें वागावें तें ती शिकवीत नाहीं.

ही उणीव त्या देशांतील शिक्षकांनाही ठाऊक आहे. इंग्लंडांत पदवीचा अभ्यास तीनच वर्षांचा असतो आणि मुलें पहिल्या दिवसापासून एकाच विषयांत शिरतात. म्हणून ज्यांचें शालेय शिक्षण कमी पडतें असें वाटतें त्यांच्यासाठीं तेथें एक वर्षाचा पूर्वाभ्यास असतो, आणि ज्यांचें इंग्रजी थोडें कमी पडतें त्यांच्यासाठीं सत्रापूर्वीं कांहीं आठवड्यांचे भाषावर्ग असतात. आमच्या घरांतून या वर्गांकडे 'ढ' मुलांची सोय म्हणून पाहतात, ही चूक आहे. अमेरिकेंत पदवी चार वर्षांची, आणि पहिल्या वर्षीं लेखनाचा एक स्वतंत्र विषय तेथील स्थानिक मुलांनाही बहुधा घ्यावाच लागतो. म्हणजे इंग्रजी ज्यांची मातृभाषा, त्यांनाही ही विद्या वेगळी शिकवावी लागते. अशा वेळीं आपलें मूल इंग्रजी माध्यमांतून शिकलें एवढ्यावर निर्धास्त राहणाऱ्या पालकांस काय म्हणावें!

शब्दांचेंही असेंच. न्यूझीलंडांतील वेलिंग्टन येथील व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या एव्हरिल कॉक्सहेड या बाईंनीं २००० सालीं निरनिराळ्या शास्त्रांतील लेखन तपासून ५७० शब्दकुलांची एक यादी प्रसिद्ध केली. यांतील शब्द ना रोजच्या बोलण्यांतले, ना एकाच शास्त्राच्या परिभाषेंतले. परंतु विद्वत्तापूर्ण लेखनांत दर शंभर शब्दांत सुमारें दहा शब्द त्यांतलेच आढळतात. सिनेमा पाहून आणि मित्रांशीं बोलून मुलांचें इंग्रजी अस्खलित होतें, पण हे शब्द त्या वाटेनें येत नाहींत. ते वाचनानेंच येतात. रोज एक अग्रलेख आणि आठवड्यास एक प्रकरण एवढें वाचन वर्षभर झालें तर क्लासच्या शब्दसूचीची घोकंपट्टी करावी लागणार नाहीं.

येथें एका जुन्या उदाहरणाची आठवण होते. १८८८ सालीं गांधीजी बॅरिस्टर होण्यास लंडनला गेले तेव्हां साहेबी वळण यावें म्हणून त्यांनीं नृत्य, व्हायोलिन व वक्तृत्व यांच्या शिकवण्या धरल्या, हें त्यांनींच सांगितलें आहे. त्या शिकवण्या लवकरच सुटल्या. वर्तमानपत्रें नेमानें वाचण्याची संवय मात्र त्यांना तेथेंच लागली, आणि पुढें ते लंडनच्या मॅट्रिकच्या परीक्षेस बसले. लॅटिनमध्यें ते एकदां नापास झाले व दुसऱ्या खेपेस पास झाले. आजच्या उच्चारशुद्धीच्या वर्गांकडे पाहिलें कीं त्या व्हायोलिनची आठवण आम्हांस होतेच होते. उच्चार समजण्याजोगा असला म्हणजे पुरे.

राहिला तो उसनवारीचा प्रश्न. मूळ लेखकाचें नांव घेऊन त्याचें मत सांगणें ही पद्धति आम्हां लोकांस परकी आहे काय? पाणिनीनें आपल्या सूत्रांत शाकल्य, शाकटायन, गार्ग्य या पूर्वीच्या वैयाकरणांचा नांवानिशीं उल्लेख केला आहे. शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष आधीं प्रामाणिकपणें मांडल्यावांचून उत्तरपक्षास तोंड उघडतां येत नसे. विलायतेंतील प्राध्यापक निबंधांत जें मागतात तें याहून फारसें निराळें नाहीं. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत गेल्या आणि १८८६ सालीं पदवी घेतांना त्यांनीं प्रबंधासाठीं विषय निवडला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. इंग्रजी त्या घरींच शिकल्या होत्या. पण सांगण्याजोगें स्वतःचें कांहीं त्या बरोबर घेऊन गेल्या होत्या. आमची पूर्वपक्षाची रीत मध्यंतरीं कोठें हरवली तें गाईडांच्या दुकानांत शोधावें लागेल.

घरीं करतां येण्यासारखा एक उपाय आम्हीं त्या स्नेह्यांना सुचविला. मुलानें इंग्रजीतील एक परिच्छेद वाचावा, पुस्तक मिटावें, आणि त्यांतला मुद्दा घरांतल्या वडील माणसास मराठींत सांगावा. त्या माणसास समजला तरच मुलाला समजला असें धरावें. मग पुस्तक न उघडतां तोच मुद्दा इंग्रजींत लिहावा, आणि लिहून झाल्यावर नांव, साल व पान मूळ पुस्तकाशीं ताडून घालावें. भाषांतर करूं नये, इंग्रजींतच विचार करावा, असा उपदेश कांहीं शिक्षक करतात. पण मराठींतून गेलेला विचार पुस्तकाचीं वाक्यें मागें टाकून येतो, हा फायदा आम्हांस मोठा वाटतो. नुसते शब्द बदलण्याचा खेळ तेथें आपोआप बंद पडतो. हल्ली निबंध लिहून देणारीं यंत्रें निघालीं आहेत. त्यांचा उपयोग कोठवर चालतो याचे नियम दर विद्यापीठाचे, किंबहुना दर विषयाचे निराळे असतात. ते पहिल्याच आठवड्यांत लेखी विचारून घ्यावे. प्रश्न विचारणें हा तेथें उद्धटपणा समजत नाहींत. उलट चर्चेच्या तासाला जो गप्प बसतो तो वाचून आला नाहीं असें समजतात, हें आमच्या विनयशील मुलांना निघण्यापूर्वींच सांगून ठेवलें पाहिजे.

नातवाचें प्रकरण फार वाढलें नाहीं. पहिलीच वेळ म्हणून समितीनें ताकीद दिली व निबंध पुन्हां लिहावयास सांगितलें. मात्र तो कितीही चांगला झाला तरी उत्तीर्ण होण्यापुरतेच गुण मिळावयाचे होते. तेवढे मिळाले. आजोबांनीं तो दुसरा निबंध छापून घेऊन आपल्या जुन्या संवयीनें लाल शाईनें तपासला, आणि अवतरणचिन्हें बरोबर आहेत असें शेवटीं लिहिलें.

त्याची धाकटी बहीण आतां अकरावींत आहे व तिलाही परदेशीं जावयाचें आहे. दर रविवारीं चहा झाल्यावर ती एक इंग्रजी अग्रलेख वाचते, वर्तमानपत्राची घडी घालते आणि तो आजींना मराठींत सांगते. आजींना इंग्रजी येत नाहीं. त्या सर्व ऐकून घेतात आणि एकच विचारतात, "हें त्याचें म्हणणें झालें, कीं तुझें ग?" गेल्या रविवारीं आम्हीं तेथें होतों. मुलगी क्षणभर थांबली, "थांब हं आजी," म्हणाली, आणि घडी पुन्हां उलगडून वाचावयास बसली.