स्वप्नांतील कॅमेरा आणि हातांतील कॅमेरा

फिल्मच्या कॅमेऱ्याचा काळ संपला असें म्हणतां म्हणतां त्याची आवड तरुण मंडळींत पुनः उत्पन्न झाली आहे, ही गोष्ट आम्हांस अप्रिय नाहीं. रोल भरावा, छत्तीस चित्रें विचार करून घ्यावीं, तो धुऊन येईपर्यंत वाट पाहावी, ह्या शिस्तीनें मनाला कांहीं वळण लागतें. परंतु या आवडीच्या पोटीं एक निराळेंच खूळ जन्मास आलें आहे, आणि त्याविषयीं स्पष्ट बोलणें आम्हांस प्राप्त आहे. दोन छायाचित्रणप्रेमी एकत्र आले कीं बोलणें चित्रांविषयीं होत नाहीं, तें "तुमचा स्वप्नांतला कॅमेरा कोणता?" या प्रश्नावर येऊन ठेपतें. मग कोणी लायका एम ६ चें नांव घेतो, कोणी हॅसलब्लाडचें, कोणी काँटॅक्स टी २ चें. ज्याच्या हातीं कालपरवांपर्यंत काकांचा जुना याशिका सुखानें नांदत होता, तो या बैठकींतून उठतो तो त्या याशिकाकडे सावत्र आईच्या डोळ्यांनीं पाहतच. त्यांतला रोल अर्धाच झालेला असतो. तो तसाच राहतो.

आमचें म्हणणें असें कीं, हा प्रश्नच खोटा आहे. कॅमेरा म्हणजे काय? एक काळोखी पेटी. तिच्या एका टोकास भिंग, दुसऱ्या टोकास चांदीच्या क्षारांचा लेप दिलेली फीत, आणि मध्यें ठराविक वेळ उघडणारी झडप. डिजिटल यंत्रांत प्रकाश टिपणारें पटल यंत्रांतच कायमचें बसविलेलें असतें, म्हणून तेथें महाग व स्वस्त यांच्या चित्रांत मुळांतच अंतर पडूं शकतें. फिल्मची गोष्ट उलट आहे. येथें प्रकाश टिपणारी वस्तु बाजारांतून आणावयाची असते, आणि ती रावाला व रंकाला एकच मिळते. जो रोल लायकांत जातो तोच रशियन झेनिटमध्यें जातो. लख्ख उन्हांत १०० वेगाची फिल्म घालून छिद्र १६ वर ठेवलें व झडप सेकंदाच्या १२५ व्या भागापुरती उघडली, तर दोन्ही ठिकाणीं फिल्मवर पडणारा प्रकाश सारखाच. राहतां राहिलें भिंग. छिद्र ८ वर आणल्यावर साधारण भिंगहि इतकें नीट काम देतें कीं, पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटवरून भिंगाचें कुळ सांगणारा पारखी आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे.

खुद्द लायकाचा इतिहास पाहा. वेट्झलार येथील लाइट्झ कंपनींत काम करणाऱ्या ओस्कार बार्नाक यांस दम्याचा विकार होता. कांचेच्या तबकड्यांचा अवजड सरंजाम घेऊन हिंडणें त्यांस झेपेना, म्हणून त्यांनीं सिनेमाची फीत वापरणारा लहानसा कॅमेरा बनविला. १९२५ सालीं लाइप्झिगच्या व्यापारी जत्रेंत तो लोकांपुढें आला. ओझें हलकें व्हावें म्हणून जन्मास आलेली ही वस्तु! बार्नाक यांच्या स्वतःच्या वापरांतला १०५ क्रमांकाचा कॅमेरा २०२२ सालच्या लिलावांत १ कोटि ४४ लक्ष युरोंना गेला. त्यानें पुढें कोणी एखादें चित्र घेईल, अशी आशा आम्ही तरी बाळगीत नाहीं. कार्तिए-ब्रेसाँ यांनीं आपल्या लायकाच्या चकचकीत भागांवर काळी पट्टी चिकटवून टाकली होती, कारण कॅमेरा लोकांच्या नजरेंत भरूं नये ही त्यांची इच्छा. जानेवारी १९४८ मध्यें गांधीजींच्या अखेरच्या दिवसांचीं चित्रें त्यांनीं दिल्लींत घेतलीं तीं अशाच लपविलेल्या यंत्रानें. आजच्या धन्याला मात्र तो चकचकीत भाग लोकांना दिसला नाहीं तर पैसे फुकट गेलेसे वाटतात!

आपल्याकडे बडोद्यास तयार होणारा आग्फा क्लिक ३ एके काळीं किती घरांत होता! साधें एकेरी भिंग, झडपेला जवळजवळ एकच वेग, आणि रोलवर बारा चौकोनी चित्रें. मुंजी, लग्नें, अंगणांत उन्हाला बसलेलीं वडील माणसें, हें सारें त्या गरीब डबीनें टिपून ठेवलें, आणि आज तेंच अल्बम उघडतांना घरचीं माणसें गप्प होतात. याहून पराकोटीचें उदाहरण झेकोस्लोव्हाकियांतील मिरोस्लाव्ह तिखी यांचें. या गृहस्थानें पुठ्ठा, डबे व दोरे यांचे कॅमेरे स्वतः केले. भिंगें प्लास्टिकचीं, टूथपेस्ट व राख लावून घासलेलीं. २००८ सालीं पॅरिसच्या पाँपिदू केंद्रांत त्यांच्या चित्रांचें प्रदर्शन भरलें. बायकांचीं चित्रें त्यांच्या नकळत घेण्याचा त्यांचा नाद आम्हांस मुळींच रुचत नाहीं, हें येथेंच सांगून टाकतों; परंतु डब्याचें भिंग आड आलें असें कोणी म्हणूं शकणार नाहीं.

इतकें म्हटल्यावर दुसऱ्या टोकाचे सज्जन टाळ्या वाजवितील. संतांचीं वचनें पुढें करून "आहे त्यांत समाधान मानावें" असें सांगणाऱ्यांच्या पंक्तीस आम्हांस बसावयाचें नाहीं. कॅमेरा फडताळांत ठेवून समाधानी असणारा आणि दुसरा नाहीं म्हणून असमाधानी असणारा, या दोघांच्या हातून निघणारीं चित्रें सारखींच, म्हणजे शून्य. शिवाय ज्याला अरण्यांतले पक्षी टिपावयाचे आहेत, किंवा मंद दिव्यांत चाललेलें नाटक, त्याला क्लिक देऊन समाधानाचा उपदेश करणें ही थट्टा आहे. त्यानें हवें तें भिंग खुशाल घ्यावें. त्याला अडलेलें काम ठाऊक आहे. स्वप्न पाहणाऱ्याला फक्त यंत्राचें नांव ठाऊक असतें.

आणि ही केवळ ज्याच्या त्याच्या पैशाची बाब नाहीं. एम ६ चें उत्पादन १९८४ ते २००२ पर्यंत चाललें व २०२२ त पुनः सुरू झालें; पण बहुतेक जुन्या यंत्रांना असा पुनर्जन्म नाहीं. आहेत तेवढींच आहेत. टी २ सारख्या विजेच्या कळांनीं भरलेल्या यंत्राचा एक भाग निकामी झाला तर नवा मिळणें कठीण. संग्रहासाठीं घेतलेला प्रत्येक कॅमेरा एखाद्या काम करणाऱ्याच्या हातचा जातो, आणि संग्रहांतहि तो सुरक्षित नसतो. मुंबई-कोंकणच्या चार महिन्यांच्या पावसांत बंद पेटींतल्या भिंगावर बुरशीचे तंतु पसरतात. न वापरलेल्या झडपेंतलें तेल घट्ट होतें. फिल्मलाहि वय आहे. कोडॅक्रोम बनणें २००९ सालीं थांबलें, आणि २०१० च्या अखेरीस ती धुणारी शेवटची प्रयोगशाळाहि तें काम सोडून बसली. उत्तम कॅमेरा मिळेपर्यंत ज्यानें तो रोल जपून ठेवला असेल, त्याच्या रोलचे रंग आतां कोण उमटवून देणार? आजी तर त्याहून कमी दिवस थांबते. आजोळचा वाडा पाडून तेथें इमारत उठते, तीहि कोणाच्या हप्त्यांची वाट पाहत नाहीं.

आमचे कांहीं मित्र येथें दादासाहेब फाळक्यांचा दाखला देतात. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले व विल्यमसन कॅमेरा घेऊन आले; तोहि स्वप्नांतला कॅमेराच नव्हता काय, असें विचारतात. नव्हता. फाळक्यांचें स्वप्न चित्रपटाचें होतें, आणि स्थिर चित्रांच्या कॅमेऱ्यानें तो होत नाहीं, एवढ्यासाठीं तें यंत्र आलें. आल्यावर त्यांनीं तें मखरांत बसविलें नाहीं. कुंडींतलें वाटाण्याचें रोप कसें वाढतें हें त्यावर टिपून पैसेवाल्यांना दाखविलें. लंडनची ती सफर १९१२ सालची, आणि ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशनमध्यें 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें होता. आमच्या मित्रांचा नवा कॅमेरा येऊन किती महिने झाले, आणि त्यांतून किती रोल निघाले, हें त्यांनींच मोजून सांगावें.