हिशेब संगणकात, नक्कल कपाटात

आमच्या आजऱ्यातही आता बचत गटाचा हिशेब, पासबुकाच्या नकला, आधार, पॅन घरच्या संगणकात असतात. पूर्वी हे कागद ट्रंकेत, कुलुपात असत. संगणक मात्र उघडाच. त्यावर शेजारची पोरेही गेम खेळतात.

२७ जून २०१७ रोजी एका विषाणूने न्हावाशेवा बंदरातील एका टर्मिनलचे संगणक बंद पाडले. युक्रेनमधील कर-हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून तो जगभर पसरला. फायली कुलूपबंद करून तो खंडणी मागे. पैसे भरूनही फायली उघडण्याची सोय त्यात नव्हती. मोठ्या कंपन्यांची ही गत, तर काजू सोलून पै-पै साठवणाऱ्या आमच्या भगिनींच्या हिशेबाचे काय?

म्हणून आम्ही सुचवतो. हिशेबासाठी संगणकात पासवर्डचे वेगळे खाते करा; मुलांचे खाते निराळे ठेवा. अपडेट टाळू नका. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. दरमहा पेनड्राइव्हवर नक्कल घ्या आणि तो काढून कपाटात ठेवा. संगणकाला लावूनच ठेवला, तर विषाणू त्यालाही गाठतो. फसवणुकीने पैसे गेलेच, तर लाजू नका, ताबडतोब १९३० वर फोन करा.

गटाचा हिशेब हरवला, की बायाबायांत संशय शिरतो. तो कुठल्याच पेनड्राइव्हने निघत नाही.