अश्रूंचा दरवाजा

‘बाब-अल-मंदब’ हे नाव बातम्यांत आले की मी अडखळतो. ‘बाब’ म्हणजे दरवाजा. मराठीतली ‘बाब’ही त्याच अरबी शब्दाची. ‘मंदब’ म्हणजे विलापाची जागा. एका बाजूला येमेन, दुसऱ्या बाजूला जिबूती आणि इरिट्रिया, मध्ये जेमतेम ३० किलोमीटर पाणी. भूकंपाने अरबस्तान आफ्रिकेपासून तुटला तेव्हा बुडालेल्यांचा आक्रोश या नावात उरला, अशी दंतकथा आहे.

आक्रोश मात्र दंतकथा नाही. इथिओपियात जन्मलेला एक मुलगा या सामुद्रधुनीच्या उत्तरेकडील मोखा बंदरात गुलाम म्हणून विकला गेला. तोच पुढे आपल्या दख्खनचा मलिक अंबर. आजही इथिओपियन तरुण कामाच्या शोधात होड्यांतून येमेनकडे निघतात, कित्येक बुडतात. २०१५ मध्ये येमेनमधले युद्ध भडकले, तेव्हा येमेनी माणसे उलट दिशेने जिबूतीला पळाली.

२०२३च्या अखेरीपासून हूथींनी येथे जहाजांवर हल्ले सुरू केले. गाझासाठी म्हणून त्यांचे कौतुक करणारे संदेश मलाही आले. गाझातल्या संहाराचा संताप मलाही आहे. पण ६ मार्च २०२४ रोजी जवळच्या एडनच्या आखातात ‘ट्रू कॉन्फिडन्स’ जहाजावरचे तीन खलाशी मेले. दोन फिलिपिनो, एक व्हिएतनामी. पोटासाठी समुद्रावर गेलेली माणसे. त्यांच्यासाठी शोक करणारा एकही संदेश मला आला नाही. आपले अश्रूही धर्म पाहून वाहतात काय?

‘मंदब’ ज्या धातूपासून आला, त्याचा दुसरा अर्थ हाक देणे, प्रवृत्त करणे. फिक्हमधला ‘मंदूब’ शब्द त्यातलाच: जे केले तर पुण्य, न केले तर पाप नाही, असे सत्कर्म. म्हणजे विलाप आणि सत्कर्माची हाक एकाच मुळाची.

इ.स. ६१५च्या सुमारास मक्केत छळ सोसलेल्या मुसलमानांना याच तांबड्या समुद्रापलीकडे हबशाच्या ख्रिस्ती राजाने, नजाशीने आश्रय दिला. त्यांचा धर्म वेगळा आहे म्हणून दार लावले नाही. ही कथा आपण अभिमानाने सांगतो. मग तिचे देणेही आपल्यावर आहे. भारतात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. आश्रय मागणाऱ्याचा धर्म न विचारणारा कायदा व्हावा, ही मागणी मुसलमानांनी केवळ मुसलमानांसाठी नव्हे, सर्वांसाठी करायला हवी. शोक तिथवर पोचला नाही, तर तो दरवाजा बंदच राहील.